कोपर सरळ ठेव

सप्टेंबर सरत आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत एखाद्या साध्या पितळी गडव्याला अचानक मान मिळतो. वर्षभर शिपायाच्या खोलीत पडून राहण्यापलीकडे त्याला काही काम नसतं. आता त्याला चिंच लावून लख्ख घासतात, वर्गाच्या मधोमध टेबलावर बसवतात, मागे चुण्या पाडून चादर सोडतात आणि पायाशी एखादं वांगं ठेवतात. मग सातवी-आठवीची मुलं भोवताली बाकं मांडून बसतात आणि पेपर संपेपर्यंत त्याच्याकडे अशी एकटक बघत राहतात, की एखाद्या पुढाऱ्यालाही त्याचा हेवा वाटावा. ही शासकीय रेखाकला परीक्षा. एलिमेंटरी आधी, इंटरमिजिएट नंतर. राज्याचं कला संचालनालय ती घेतं, आणि वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन अशा तिच्या पायऱ्या आहेत. हल्ली इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीच्या निकालात ७ गुण जादा पडतात, बीला ५ आणि सीला ३. त्यामुळे आता गडव्यावर पालकांचाही डोळा असतो. आमच्या वेळी गडवा काहीच देत नसे. फार तर एक प्रमाणपत्र, जे घरी ट्रंकेच्या तळाशी जाऊन कागदपत्रांची ऊब घेत पडायचं.

तरीही इतक्या परीक्षा पाहून झाल्यावर मला वाटतं, की वस्तुचित्राइतका सरळ पेपर दुसरा नाही. प्रश्न एकच, पण जितकी बाकं तितकी उत्तरं, आणि सगळी खरी. खिडकीजवळच्या पोराला गडव्याची उजळ बाजू दिसते, दाराजवळच्याला काळवंडलेली. कुणाला वांगं गडव्यापुढे दिसतं, कुणाला मागे, आणि एखाद्या अभाग्याला वांग्याचा नुसता देठ दिसतो. इथे कॉपी करून काही साधत नाही. शेजाऱ्याचा कागद बघून उतरवलंच, तर वांगं भलत्याच अंगाला जाऊन बसतं आणि चोरी स्वतःहून पर्यवेक्षकाला नमस्कार करते.

दारव्ह्याच्या आमच्या शाळेत एक मोजणीदाराचा मुलगा होता. वडील वावरांच्या हद्दी कायम करत हिंडायचे, त्यामुळे मोजलेल्या गोष्टीवर घराण्याचा विश्वास. सरावाच्या एका तासाला तो शांतपणे उठला, कंपासपेटीतली पट्टी घेऊन टेबलापाशी गेला, गडव्याची उंची मोजली, पोटाचा घेर सुतळीने घेतला, गळ्याचा घेतला, सगळं वहीत मांडलं आणि जागेवर येऊन तेवढ्याला तेवढा गडवा कागदावर उभा केला. गडव्यानेच कागद भरला. टेबल, चादर, वांगं यांना हद्दीबाहेर राहावं लागलं. ड्रॉइंगचे सर मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “माप बराबर हाये. आता याच्यात पाणी भर.”

सरांचं मोजणं निराळं होतं. त्यांना सेंटिमीटरशी कर्तव्य नसे, त्यांना नातं हवं असे. हात पुढे ताणायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा. पेन्सिलीचं टोक गडव्याच्या काठाला टेकलेलं दिसलं, की अंगठा सरकवत बुडापर्यंत आणायचा. ही झाली उंची. आता पेन्सिल आडवी करून पाहायचं, पोटाची रुंदी या मापात किती वेळा बसते. गडवा कागदावर केवढा काढायचा ही तुमची मर्जी, पण उंची आणि रुंदी यांचं आपसात जे ठरलंय त्यात लुडबुड करायची नाही. यात एकच अट होती आणि ती सर पावसाळाभर सांगत राहायचे: “कोपर सरळ ठेव ना बे.” कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि तोच गडवा तिच्यावर कमी जागा व्यापतो. उभं माप ताठ हाताने आणि आडवं माप आखडत्या हाताने घेतलं, की गडव्याची सुरई होते. उलट केलं की घागर. आमच्या वर्गाच्या भिंतीवर त्या काळी एकाच गडव्यापासून झालेला सगळा कुंभारवाडा टांगलेला होता. बाहेरून जाणाऱ्याला मात्र आतलं दृश्य चमत्कारिक दिसत असावं. चाळीसेक पोरं, प्रत्येकाचा एक डोळा मिटलेला, उजवा हात ताणलेला, अंगठा वर, आणि सगळ्यांचा नेम एका मुक्या भांड्यावर. एकदा मुख्याध्यापक काही सूचना घेऊन आले होते, ते दारातूनच हळूच मागे फिरले.

मापाने पोट जमलं तरी तोंड जमत नसे. गडव्याचं तोंड आम्ही सगळेच चांगलं भरगच्च गोल काढायचो, आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सपाट. सर किती दिवस गप्प बसले कोण जाणे. एके दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी त्यांनी एका पोराचा डबा मागून घेतला आणि त्यातली ज्वारीची भाकर काढून तळहातावर धरली. हात डोळ्यांच्या रेषेत आणला. भाकर नाहीशी झाली, उरली एक जाडसर रेघ. हात किंचित खाली घेतला, तसा रेघेला पोट फुटलं. छातीपर्यंत आणला तेव्हा लांबोळी पापणी उघडावी तशी ती उघडली, कंबरेशी आली तेव्हा जवळजवळ पुनवेला पोचली. “भाकर तेच हाये ना?” सरांनी विचारलं. आम्ही हो म्हणालो. “मंग? जितकी नजरेखाली, तितकी उघडी. म्हणजे गडव्याचं बूड तोंडापेक्षा जास्त गोल दिसते. तुमी तोंड पाहता वरून अन् बूड पाहता समोरून. एकाच टायमाले दोन जागी कसे काय बसले बे?” घंटा झाली. इतका वेळ लंबवर्तुळ होऊन राहिलेली ती भाकर मालकाला परत मिळाली आणि त्याने ती ठेच्याशी खाल्ली. मला आठवतं, पहिला तुकडा मोडण्याआधी त्याने ती एकदा डोळ्यांसमोर आडवी धरून पाहिली होती.

आमचं हे तोंडाचं प्रकरण दारव्ह्यापुरतं नव्हतं, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं. रॉबर्ट थाउलेस नावाच्या एका ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली लोकांपुढे तिरकी ठेवलेली गोल चकती मांडली आणि जशी दिसते तसा आकार दाखवायला सांगितलं. लोकांनी दाखवलेला आकार डोळ्यात पडणाऱ्या आकारापेक्षा गोलाकडे झुकलेला निघाला. चकती गोल आहे हे मनाला ठाऊक, आणि मन काही ऐकून घेत नाही. पुढे १९९७ साली डेल कोहेन आणि सुसान बेनेट या अमेरिकेतल्या दोघांनी अगदी आमच्या वर्गाचाच प्रश्न हाती घेतला: दिसतं ते माणसांना काढता का येत नाही? हात अडाणी म्हणून, काय काढायचं नि काय सोडायचं ते कळत नाही म्हणून, आपलंच चित्र आपल्याला नीट दिसत नाही म्हणून, की मुळात वस्तूच नीट दिसत नाही म्हणून? त्यांनी एकेका संशयिताला बाजूला काढून तपासलं. मुख्य दोष निघाला वस्तूकडे पाहण्याचा. हात जवळपास निर्दोष सुटला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वर्गातल्या त्या शाईने माखलेल्या, वळ उमटलेल्या, ‘हाताला वळण नाही’ म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेल्या हातांची फार दया आली. सरांनी हा निकाल कुठलेही प्रयोग न करता आधीच देऊन ठेवला होता. “सर, गडवा तं वाकडाच हाये,” असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, “गडवा वाकडा नाही बे, तुहं पाहणं वाकडं हाये.”

पाहणं सरळ करायची त्यांची अवजारं सदऱ्याच्या खिशात मावत. एक सुती दोरा, त्याच्या टोकाला हरवलेल्या कुलपाची किल्ली. कापसाच्या जिल्ह्यात दोऱ्याला तोटा नव्हता आणि हरवलेल्या कुलपांनाही. हा त्यांचा ओळंबा. तो डोळ्यापुढे लोंबता धरला की गडव्याच्या काठाखाली नेमकं काय येतं ते कळे. काठाची डावी कड थेट वांग्याच्या देठावर उतरायला हवी आणि कागदावर ती दोन बोटं पलीकडे उतरली असेल, तर गडवा कलंडलेला आहे. दोरा वाद घालत नाही. जर्मनीतल्या आल्ब्रेख्ट ड्यूररने १५२५ साली मोजमापावर जे पुस्तक छापलं, त्यातही असाच दोरा आहे. भिंतीतल्या कडीतून ओवलेला, टोकाला वजन बांधलेला, आणि दोन माणसं तो ताणून एका तंतुवाद्याचं चित्र बिंदूबिंदूने उतरवताहेत. व्हॅन गॉगने तर १८८२ साली हेगमध्ये दोऱ्यांची चौकट बनवून घेतली आणि तिच्या खांबांना टोकं बसवायला लोहार गाठला. वाळूत रोवायची, आतून पाहायचं आणि काढायचं. सूर्यफुलांच्या त्या धगीमागे कुठे तरी एका लोहाराची मजुरी आहे, हे मला भारी आवडतं.

सरांचं दुसरं अवजार खिशातला आरसा. त्यात ते एरवी केस सारखे करत. चित्र झालं की ते आम्हांला चित्राकडे पाठ करायला लावायचे आणि आरशातून दाखवायचे. आपल्याच कलण्याला डोळा सरावलेला असतो. आरशात डावं-उजवं फिरलं की ते कलणं एकदम अंगावर येतं. ही युक्ती लिओनार्दोनेही लिहून ठेवली आहे, पण त्याचा आरसा सरांच्या आरशाइतका तेलकट नसावा. आरसा घरी राहिला असला तर कागद उलटा करून, गडव्याचे पाय वर करून, दाराशी नेऊन उभा करत आणि विचारत, “काय दिसून राह्यलं?” गंमत अशी, की जवळून जो गडवा वाटत होता तो लांबून वेगळंच काही बोलू लागे. काही पोरं मग घाईघाईने शेडिंगला लागत. चूक झाकायला काळोखासारखं पांघरूण नाही. सरांना तेही ठाऊक होतं. “आधी बांधणी,” एवढंच म्हणत, आणि पुढे निघून जात.

यथादर्शनासाठी त्यांनी आम्हांला शकुंतलेच्या रुळांवर नेलं होतं. यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणारी ही अडीच फुटी गाडी दारव्ह्यावरून जात असे. हल्ली ती धावत नाही. समांतर रेषा क्षितिजावर एकत्र येतात हे दाखवायचं होतं, पण ते रूळ मुळातच इतके जवळ होते, की भेटायला त्यांना फार लांब जावं लागत नसे. एकाने शंका काढली, की सर, रूळ तिथं भेटत असतील तर गाडी पुढे कशी जाते? “म्हणून तं लेट येते,” सर म्हणाले.

सराव म्हणजे तोच गडवा, पुन्हा. पाटीपूजन ते घटस्थापना एवढा काळ आम्ही त्या एका भांड्यासोबत काढला. सर कागद कधी फाडत नसत, पाठकोरा करून हातात देत. तेव्हा तो जाच वाटायचा. पुढे अजिंठ्याच्या नकलांची हकिगत वाचली आणि आपलं फारच सोप्यात सुटलं असं वाटलं. रॉबर्ट गिल नावाचा एक लष्करी अधिकारी १८४४ च्या सुमारास तिथे पोचला आणि लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करत वर्षांमागून वर्षं राहिला. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने आपले विद्यार्थी घेऊन तेच काम नव्याने आरंभलं. तरुण पेस्तनजी बोमनजी त्यांत होते. १८८५ पर्यंत ते चाललं, नकला पुन्हा लंडनला गेल्या, आणि त्याच वर्षी तिथल्या आगीत त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. दोनदा. अंधाऱ्या लेण्यात उजेड खेळवत, एकेका बोटाची वळणं मोजत ज्यांनी हयातीचा तुकडा घातला त्यांना दोनदा ‘पुन्हा काढा’ असा शेरा मिळाला, तोही आगीच्या हस्ताक्षरात. मला त्या विद्यार्थ्यांचं कुतूहल वाटतं. नकला जळाल्याची बातमी मुंबईला पोचली असेल तेव्हा त्यांच्यातला एखादा नुसता डोळे मिटून ते चित्र बोटाने हवेत काढू शकला असेल का? मला वाटतं, आलं असेल काढता. माझा गडवा मला अजून येतो.

स्मरणचित्राच्या पेपरला मात्र सर दोरा, आरसा, पेन्सिलीचं माप यांतलं काही घेत नसत. आमच्याकडे पोळा नुकताच होऊन गेलेला असे. झडत्या कानांत घुमत असत, शिंगांना लावलेला हिंगूळ नखांत राहिलेला असे. त्यामुळे विषय ‘बाजार’ असो की ‘सहल’, चित्रात बैल यायचेच, आणि ते असे यायचे की घर त्यांच्या खुरांएवढं, धनी त्यांच्या वशिंडाच्या खाली, आणि तोरण मात्र बैलांच्या डोक्यावर ऐसपैस. कुणाची मापं काढून दाखवावीत असं एकही चित्र नसे. एका साली आमच्यातल्या एकाच्या घरची जोडी पोळ्याआधीच विकली गेली होती. त्या वर्षी दुष्काळ होता, कारण कुणी विचारलं नाही. त्याच्या कागदावर फक्त दोन बैल होते, कडेपासून कडेपर्यंत, शेपटांना वळायला जागा नव्हती म्हणून ती पाठीवर घेतलेली. झूल मात्र टाक्याटाक्याने काढलेली, तिच्यावरचे आरसे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. मी वाट पाहत होतो, की सर आता कोपराचं काढतील. सरांनी चित्र उलटं केलं नाही की दाराशीही नेलं नाही. खाली कोपऱ्यात तारीख घालायला सांगितली आणि विचारलं, “डावीकडचा कोणता, ढवळ्या?” मुलगा म्हणाला, “नाही, तो पवळ्या. ढवळ्या उजवीकडून चालायचा.” सरांनी मान हलवली, जणू एक चुकलेलं माप त्यांनाच दुरुस्त करून मिळालं होतं.

आता मी यवतमाळला असतो, आणि निवृत्तीच्या मोकळ्या सकाळी पुन्हा काढू लागलो आहे. गडवा घरात उरला नाही, स्टीलचा तांब्या आहे. स्टील म्हणजे मोठा भामटा. स्वतःचा आकार दाखवण्याऐवजी ते खिडकी, कॅलेंडर आणि माझं नाक यांचे आकार दाखवत बसतं. चित्र झालं की फोटो काढून शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, आणि पाच मिनिटांत अंगठे यायला लागतात. पिवळे, ताठ, एकामागून एक. एकेकाळी हेच अंगठे पेन्सिलीवर सरकत जाऊन गडव्याची उंची सांगायचे. आता ते हवेत उभे राहतात आणि काहीच मोजत नाहीत. “एक नंबर!” “लय भारी!” यावर माणसाने करायचं काय? तांब्याचा उजवा खांदा बोटभर चढलेला आहे हे मला दिसतंय, एवढ्या अंगठ्यांतल्या एकानेही ते सांगू नये? मोजणीदाराचा मुलगाच काय तो एकदा खासगीत लिहून गेला: ‘बूड सपाट आहे.’ त्या तीन शब्दांनी मला जो आनंद झाला, तो सगळ्या पिवळ्या अंगठ्यांनी मिळून दिला नव्हता.

म्हणून हल्ली मी परीक्षक घरातच नेमला आहे. बायकोने चित्रकलेची पायरीही चढलेली नाही, पण तांब्या रोज हाताळलेला आहे. “याचं पाणी सांडेल,” ती म्हणते, आणि मी काठ तपासतो तर तो खरोखर उताराला लागलेला असतो. एकदा धीर करून तिलाच समोर बसवलं. माणसाची उंची डोक्यांत मोजतात, मी समजावलं. सगळं शरीर साधारण सात-साडेसात डोक्यांचं. आपल्याकडे शिल्पशास्त्रात मुखाच्या लांबीला ताल म्हणत आणि देवांच्या मूर्ती नवतालात घडवत. चित्राची जी सहा अंगं सांगितली आहेत त्यांत प्रमाण दुसरंच. तिने एवढं ऐकून घेतलं. पण पेन्सिल नाकाच्या दिशेने वळली तशी म्हणाली, “माझं नाक काय वावर आहे, मोजायला?”

मी पेन्सिल खाली ठेवली. तिने ती उचलली, खुर्चीतून जरा पुढे झुकली, एक डोळा मिटला आणि माझ्यावर नेम धरला. अंगठा हळूहळू खाली सरकत होता. बसलेला माणूस कमीच भरतो, हे मी आधीच सांगून ठेवलं.

“साडेचार डोकी,” ती म्हणाली. “त्यातली दोन पोटाचीच.”

“कोपर वाकलंय तुझं.”

“कोपर सरळच आहे,” ती म्हणाली, आणि खात्री करायला पेन्सिल आडवी केली.